सोळा आण्यांपासून एक्सेलपर्यंत : पैसेवारीच्या सूत्राची गोष्ट

दरवर्षी खरिपाच्या अखेरीस हिंगोली जिल्ह्यातील सातशेहून अधिक गावांपुढे एकेक आकडा लिहिला जातो. त्याला पैसेवारी म्हणतात. आकडा ५० पैशांच्या आत आला, की जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी यांचा मार्ग खुला होतो. तो ५१ झाला, की हे दार बंद. हा तक्ता आता संगणकावर बांधला जातो. त्यामागचे सूत्र मात्र संगणकाहून पुष्कळ जुने आहे.

रुपयाचे आणे सोळा. म्हणून भरघोस पीक ते सोळा आणे पीक आणि ही मोजणी ती आणेवारी. मुंबई इलाख्यात महसुलाची तहकुबी या मोजणीवर ठरत असे. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचा मूळ वाद हाच होता. पीक चार आण्यांच्या आत असेल, तर त्या वर्षीची वसुली पूर्ण तहकूब करावी, असा नियम होता. सरकारी अंदाज चार आण्यांच्या वर होता, शेतकऱ्यांचा खाली. नियम दोन्ही पक्षांना मान्य होता. भांडण होते ते नियमात घालायच्या आकड्याचे.

त्या काळी हिंगोली परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली, आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. (गावांत जुना शब्द अजूनही टिकून आहे.) हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

आता थोडे अमेरिकेकडे. १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी डॅन ब्रिकलिन वर्गात बसला होता. फळ्यावर आकड्यांचा तक्ता होता. त्यातली एक संख्या बदलली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या संख्या पुसून पुन्हा लिहाव्या लागत. यातून त्याला जे सुचले, ते त्याने बॉब फ्रँकस्टनच्या साहाय्याने घडवले आणि १९७९ मध्ये ॲपल टू संगणकावर व्हिसिकॅल्क आले. त्यातली मुख्य कल्पना साधी होती : चौकटीत संख्या न लिहिता दुसऱ्या चौकटीचा पत्ता लिहायचा. त्या पत्त्यावरची संख्या बदलली, की उत्तर आपोआप बदलते.

पैसेवारी याच पद्धतीने वाचून पाहू. समजा, सेनगाव तालुक्यातील एका गावात सोयाबीन ३०० हेक्टर, कापूस ६० आणि तूर ४० हेक्टर आहे. सोयाबीनचे प्रमाण उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल धरले आहे आणि पीक कापणी प्रयोगात ५.४ क्विंटल मिळाले. पहिल्या चौकटीत सूत्र येईल : मिळालेले उत्पन्न भागिले प्रमाण उत्पन्न, गुणिले १००. उत्तर ४५ पैसे. कापसाचे ६० आणि तुरीचे ७० निघाले असे धरू.

या तिघांची साधी सरासरी ५८.३३ येते. गाव सवलतीच्या बाहेर! पण सोयाबीनने गावाचे तीन चतुर्थांश शिवार व्यापले आहे. प्रत्येक पिकाचे पैसे त्याच्या क्षेत्राने गुणून, बेरजेला ४०० ने भागले, तर ४९.७५ येतात. गाव आत. एक्सेलमध्ये ‘ॲव्हरेज’ ऐवजी ‘समप्रॉडक्ट’ लिहिण्याएवढाच हा फरक आहे.

खरी मेख मात्र छेदात आहे. वरच्या उदाहरणात सोयाबीनचे प्रमाण उत्पन्न १२ ऐवजी ११.५ क्विंटल धरा. शेतात एक दाणाही जास्त पिकलेला नाही, तरी गावाची पैसेवारी ५१.२२ होते. अर्ध्या क्विंटलने अख्खे गाव रेषेपलीकडे जाते. सूत्र खाली ओढताना एखादी चौकट जागची हलू नये, म्हणून स्प्रेडशीटमध्ये तिच्या पत्त्याला डॉलरचे चिन्ह लावतात. प्रमाण उत्पन्नाला असे चिन्ह लावावे, की ते मागच्या वर्षांच्या सरासरीबरोबर सरकू द्यावे? सरकू दिले, तर लागोपाठच्या दुष्काळांत सरासरीच खचते आणि तेच तुटपुंजे पीक कागदावर बरे दिसू लागते. पंतप्रधान पीक विमा योजनेने ही अडचण ओळखली. तिथे उंबरठा उत्पन्न ठरवताना मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांचीच सरासरी घेतली जाते.

अंशही निर्विवाद नसतो. नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत पैसेवारी जाहीर होते. पहिल्या टप्प्यात पीक अजून उभे असते. ते डोळ्यांनीच जोखायचे. पुढे गावच्या समितीत तलाठी, सरपंच, शेतकरी एकत्र बसतात. कापणी प्रयोगासाठी विहिरीलगतचे शेत निवडले, की माळावरचे, यावर पुढच्या सगळ्या चौकटी हलतात. खेड्यात १९१८ साली जे घडले, त्याचेच हे लहान रूप.

७ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने दुष्काळ ठरवण्याची रीत बदलली. पाऊस, उपग्रहाने टिपलेला वनस्पती निर्देशांक, मातीतील ओलावा असे निकष आले आणि प्रत्यक्ष पडताळणी दहा टक्के गावांपुरती राहिली. २०१८ मध्ये या रीतीने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. तक्त्याच्या ओळीत आता गाव नव्हे, तालुका आहे. ४९.७५ पैशांचे गाव बऱ्या पावसाच्या तालुक्यात असेल, तर या नव्या तक्त्यात त्याच्यासाठी वेगळी ओळ नाही. हिंगोलीत गावनिहाय पैसेवारी मात्र पूर्वीसारखीच दरवर्षी जाहीर होते.