प्लाझ्मा कटर व सीएनसी टेबल : जोडणी कशी करावी?

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसलेले सिहोरा हे तुमसर तालुक्यातील गाव धानाच्या पट्ट्यातले. बावनथडी नदी आणि चांदपूर जलाशय यांच्या पाण्यावर या भागातील बांध्या पिकतात. रोवणीपूर्वी चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लागणारी लोखंडी केजव्हील, ट्रॉलीचे सांगाडे, राईस मिलचे पत्र्याचे भाग ही धानपट्ट्यातील लहान वेल्डिंग वर्कशॉपची नित्याची कामे. याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. पोलादाला कणखरपणा देणारे हे खनिज तालुक्याबाहेर जाते आणि पोलादाची प्लेट होऊन कधीतरी अशाच एखाद्या वर्कशॉपच्या दारी परत येते.

ही प्लेट कापायला पूर्वापार गॅस कटर वापरला जातो. मात्र स्टेनलेस स्टील वा अ‍ॅल्युमिनियम त्याने धड कापले जात नाही आणि पातळ पत्रा उष्णतेने वाकतो. प्लाझ्मा कटरला वीजवाहक असा कोणताही धातू चालतो. नोझलमधून वेगाने सुटणाऱ्या हवेतून विजेची ज्योत गेली की ती हवा प्लाझ्मा अवस्थेत जाते. तिचे तापमान २० हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या रॉबर्ट गेज यांना या तंत्राचे पेटंट १९५७ मध्ये मिळाले. अंकीय नियंत्रणाचे यंत्र त्याआधी, १९५२ मध्ये, एमआयटीत दाखविण्यात आले होते. या दोहोंचा संयोग म्हणजे सीएनसी प्लाझ्मा टेबल. आज ते तयार मिळते, तसेच मोटारी, ड्रायव्हर व कंट्रोलर आणून वर्कशॉपमध्येही उभारता येते. सांगाडा उभारणे फॅब्रिकेटरला अवघड नाही. घोडे अडते ते वायरिंगपाशी. येथील एका चुकीने कंट्रोलर जळू शकतो, आणि माणसाच्या जिवावरही बेतू शकते.

तीन जोड्या तारा

प्लाझ्मा यंत्र आणि कंट्रोलर यांच्यात तीनच गोष्टींची देवाणघेवाण होते. पहिली ‘आर्क स्टार्ट’. हातात धरायच्या टॉर्चवरील बटण दाबल्यावर जे घडते, तेच कंट्रोलरने रिलेमार्फत घडवायचे. येथे रिलेचा केवळ ड्राय कॉन्टॅक्ट, म्हणजे स्वतःचा व्होल्टेज नसलेला संपर्क, जोडायचा असतो. बटणाच्या तारांत लागणारा व्होल्टेज प्लाझ्मा यंत्र स्वतःच पुरविते. त्यात बाहेरून २४ व्होल्ट सोडले तर आतील सर्किट निकामी होते. ही चूक नवशिके हमखास करतात.

दुसरी जोडी ‘आर्क ओके’ची. ज्योत नोझलपुरती न राहता प्लेटपर्यंत पोचली की प्लाझ्मा यंत्र आपल्याकडील एक संपर्क बंद करून तसे कळविते. ही तार अनेक जण टाळतात आणि ठरावीक सेकंद थांबून टॉर्च पुढे नेतात. मग एखाद्या वेळी ज्योत पेटलेलीच नसते, तरी टॉर्च निमूटपणे पूर्ण आकार फिरून येते; प्लेट जशीच्या तशी राहते.

तिसरी जोडी आर्क व्होल्टेजची, आणि खरी मेख हिच्यातच आहे. टॉर्च व प्लेट यांतील अंतर वाढले की ज्योत लांबते आणि तिचा व्होल्टेज वाढतो. अंतर घटले की तो उतरतो. उष्णतेने प्लेट फुगली वा वाकली तरी टॉर्चची उंची कायम राखणारी यंत्रणा, म्हणजे टॉर्च हाइट कंट्रोल, या बदलावरच चालते. कापताना हा व्होल्टेज साधारण १०० ते १५० च्या दरम्यान असतो, तर ज्योत पेटण्यापूर्वी यंत्राचा खुला डीसी व्होल्टेज २०० ते ३०० वा त्याहून अधिक. तो थेट इलेक्ट्रॉनिक्समध्ये नेता येत नाही, म्हणून व्होल्टेज डिव्हायडरने विभागून घ्यावा लागतो. प्रमाण ५० ला १ असेल तर १२५ व्होल्टचे अडीच व्होल्ट होतात. कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच प्रमाण भरले नाही तर टॉर्च एकतर प्लेटवर आदळते, नाहीतर वर चढत राहते.

सीएनसीसाठी बनविलेल्या यंत्रांत ही सोय मागील बाजूच्या एकाच कनेक्टरमध्ये असते. उदाहरणार्थ, हायपरथर्म पॉवरमॅक्स मालिकेतील १४ पिनांच्या कनेक्टरमध्ये ३ व ४ या पिना स्टार्टच्या, १२ व १४ आर्क ओकेच्या, तर ५ व ६ विभागलेल्या व्होल्टेजच्या असतात. अन्य कंपन्यांची मांडणी वेगळी असते, तेव्हा मॅन्युअल उघडल्यावाचून तार जोडू नये. स्वस्त यंत्रांत असा कनेक्टरच नसतो. तेथे टॉर्चच्या बटणाला समांतर रिले लावून स्टार्ट साधता येते, परंतु आर्क व्होल्टेजसाठी यंत्राचे झाकण उघडावे लागते. आतील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही काही काळ प्राणघातक भार धरून असतात. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनचेच. तेथे काटकसर नको.

अर्थिंग आणि नॉइज

जोडणी बिनचूक असूनही टेबल वेड्यासारखे वागते, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. टॉर्च पेटताच संगणकाचा पडदा गोठतो, यूएसबी तुटते किंवा धक्का न लागताही लिमिट स्विचचा इशारा येतो. याचे मूळ विद्युत नॉइजमध्ये असते. काही प्लाझ्मा यंत्रे ज्योत पेटविण्यासाठी उच्च वारंवारतेची ठिणगी टाकतात. ही ठिणगी म्हणजे जवळजवळ रेडिओ ट्रान्समीटरच. आसपासची प्रत्येक तार तिची एरियल बनते. सीएनसीसाठी शक्यतो ब्लोबॅक पद्धतीचे यंत्र घ्यावे. त्यात इलेक्ट्रोड व नोझल एकमेकांस टेकलेले असतात आणि हवेच्या दाबाने दूर होताना ज्योत पेटते. यंत्र घेतानाच हा एक प्रश्न विचारला तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो.

टेबलाचा सांगाडा जाड तारेने जवळच्या स्वतंत्र अर्थ रॉडला जोडावा आणि तो रॉड इमारतीच्या मुख्य अर्थिंगशीही जोडलेला असावा. कंट्रोलर, मोटर ड्रायव्हर व गॅन्ट्री यांच्या अर्थच्या तारा एकीतून दुसरीत अशा साखळीने न नेता प्रत्येकीची स्वतंत्र तार एकाच बिंदूवर आणावी. प्लाझ्माचा वर्क क्लॅम्प टेबलावर घट्ट बसवावा. गंजावर वा रंगावर लावलेला क्लॅम्प न लावल्यासारखाच. सिग्नलच्या तारा पिळदार व शिल्डेड घ्याव्यात आणि शिल्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करावी. दोन्ही टोकांना केल्यास शिल्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. टॉर्चची केबल या तारांपासून किमान फूटभर दूर असावी. ओलांडावीच लागली तर काटकोनात. संगणकाशी जोड यूएसबीऐवजी इथरनेटची असलेली बरी.

पूर्व विदर्भात आणखी एक पेच आहे. उन्हाळ्यात जमीन वाळून टणक होते, तसा अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात चोख चाललेले टेबल मे महिन्यात बिघडते, त्याचे कारण कित्येकदा अर्थिंगच्या खड्ड्यातच सापडते. खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे आणि रोध मोजून घ्यावा. अर्थिंगसाठी भारतीय मानक आयएस ३०४३ उपलब्ध आहे. प्लाझ्मा यंत्राचे ड्यूटी सायकलही सहसा ४० अंश तापमान गृहीत धरून लिहिलेले असते. पारा ४५ कडे सरकला की तेच यंत्र लवकर दमते.

चालू करण्यापूर्वी

इमर्जन्सी स्टॉपचे बटण संगणकावर विसंबलेले नसावे. ते स्टार्टचे सर्किट थेट तोडणारे हवे. वीज जाऊन परत आली की टॉर्च आपोआप पेटता कामा नये. म्हणून स्टार्टचा रिले वीज नसताना उघडा राहणाराच घ्यावा. प्रथम प्लाझ्मा बंद ठेवून संपूर्ण आकार फिरवून पाहावा, मग मल्टिमीटरने स्टार्टचा संपर्क तपासावा आणि त्यानंतरच भंगारच्या पत्र्यावर ज्योत पेटवावी. टॉर्चने प्लेटला स्पर्श करून उंची शोधायची, छिद्र पाडण्यापुरते वर जायचे, आर्क ओके येताच क्षणभर थांबायचे, सुमारे दीड मिलिमीटरवर उतरायचे आणि मग चालायचे, हा क्रम कंट्रोलरमध्ये पक्का असावा. कोपऱ्यावर वेग मंदावतो, चीर रुंद होते आणि व्होल्टेज चढतो. टॉर्च उंच गेली असे समजून यंत्रणा तिला खाली ढकलते. तेवढ्यापुरते हाइट कंट्रोल थांबविण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये चालू करावी. निःशुल्क मिळणाऱ्या लिनक्ससीएनसीतही ती करता येते.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत दमटपणा फार असतो. ड्रायर वा पाणी अडविणारा फिल्टर नसेल तर इलेक्ट्रोड आणि नोझल भराभर झिजतात. धूर दाबण्यासाठी टेबलाखाली पाणी ठेवण्याची पद्धत आहे, पण त्यावर अ‍ॅल्युमिनियम कापू नये. त्याच्या बारीक कणांची पाण्याशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि तो प्लेटखाली साठला तर पुढच्या ठिणगीला स्फोट होतो.