पांच नळ्यांचा रेडिओ

इतिहासकारांची दृष्टि बहुधा नाण्यांवर, ताम्रपटांवर व तरवारींवर खिळलेली असते. सामान्य कुटुंबाच्या मेजावरील वस्तूकडे ती क्वचितच वळते. म्हणून १९२९ सालीं आलेल्या मंदीच्या मागोमाग अमेरिकेंत घरोघर शिरलेल्या पांच नळ्यांच्या रेडिओविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. असा जुना रेडिओ दुरुस्त करणें म्हणजे एका पिढीची काटकसर वाचणें होय, असें आमचें मत आहे.

फ्लेमिंगनें १९०४ सालीं निर्वात नळीचा शोध लावला. डी फॉरेस्टनें लवकरच तींत जाळी बसवून क्षीण लहरीस बळ देण्याची सोय केली. पुढें १९१८ सालीं, महायुद्धानिमित्त फ्रान्समध्यें असतां, आर्मस्ट्राँग यांस सुपरहेटरोडाइनची युक्ति सुचली: येणारी प्रत्येक लहर एकाच ठराविक कंपनसंख्येवर आणावयाची व तेथेंच वाढवावयाची. युक्ति उत्तम, परंतु यंत्र महाग. मंदीच्या दिवसांत तें स्वस्त कसें करावें, हा कारखानदारांपुढील प्रश्न होता.

त्यांनीं जड व महाग असा ट्रान्सफॉर्मरच काढून टाकला, आणि पांचही नळ्यांच्या तापतारा एकामागून एक जोडून थेट घरच्या विजेवर दिल्या. १२एसए७, १२एसके७, १२एसक्यू७, ५०एल६ व ३५झेड५ या नांवांतील आरंभीचे आंकडे ढोबळ मानानें व्होल्ट दर्शवितात. त्यांची बेरीज १२१ होते; अमेरिकेंतील घरगुती विजेचा दाब जवळजवळ तेवढाच! शिवाय ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळें हें यंत्र एकदिश विजेवरही चाले. न्यूयॉर्क शहरांतील एकदिश विजेचा शेवटचा पुरवठा २००७ सालीं बंद झाला, हें लक्षांत घेतां ही सोय लहान नव्हती.

पण काटकसरीचें मोल कोणीतरी देतोच. एका नळीची तार तुटली कीं दिव्यांच्या माळेप्रमाणें पांचही नळ्या विझतात. आंतील पत्र्याचा सांगाडा विजेच्या एका तारेशीं जोडलेला असल्यामुळें, गुंडी निखळून उघड्या दांड्यास हात लागला तर प्राणावर बेतूं शकतें. मेणकागदी कंडेन्सर कालांतरानें गळूं लागतात, व शेवटच्या नळीच्या जाळीवर नको तो दाब येऊन ती नळी तापून निकामी होते. वीज गाळणारे कंडेन्सर सुकले कीं गाण्याऐवजीं नुसती घुमघुम ऐकूं येते.

म्हणून माळ्यावर सांपडलेलें यंत्र कुतूहलानें एकदम विजेस लावूं नये. प्रथम जुने कंडेन्सर बदलावे. मग वाटेंत एक तापतारेचा दिवा घालून वीज द्यावी, म्हणजे आंत कोठें दोष असल्यास दिवा भडकून इशारा देतो व यंत्र वांचतें. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची आहे. तेव्हां दाब उतरविणें अवश्यच. परंतु एकाच वेटोळ्याचा ट्रान्सफॉर्मर दाब उतरवितो, धोका दूर करीत नाहीं. त्यासाठीं दोन वेटोळीं अलग असलेलाच ट्रान्सफॉर्मर पाहिजे.

येथें एक प्रश्न उभा राहतो. आंतील भाग बदलले तर जुनेपण उरलें काय? कित्येक कारागीर जुन्या मेणकागदाच्या पोकळ नळकांड्यांत नवा कंडेन्सर लपवितात. तें कौशल्य आम्हांस मान्य आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनें लपविण्यापेक्षां सांगणें बरें. काढलेले भाग पाकिटांत घालून, काय बदललें व केव्हां, याची चिठ्ठी पेटींतच ठेवावी.

मुकें पण अस्सल यंत्र कपाटांत ठेवावें, कीं थोडें बदललेलें पण बोलतें यंत्र मेजावर, असें कोणी विचारल्यास आम्ही दुसराच पक्ष घेऊं. युरोपांतील मध्यम लहरींचीं केंद्रें एकामागून एक बंद होत आहेत. जर्मनीचें डॉइच्लांडफुंक २०१५ च्या अखेरीस त्या लहरींवरून उतरलें. उद्यां यंत्र दुरुस्त होईल आणि ऐकावयास कांहीं नसेल. तोंवर त्या पांच नळ्या उजळूं द्याव्या, हेंच योग्य.