पट्ट्यावर फिरणारी थाळी

पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलमध्ये मोटर थाळीला भिडत नाही. मोटरच्या दांड्यावर एक लहानशी पुली असते, तिच्यावरून एक पातळ रबरी पट्टा थाळीभोवती जातो आणि तोच रेकॉर्डसह थाळी फिरवतो. ही रचना इतकी साधी आहे की ती पहिल्या दिवसापासूनची असावी असे वाटते. पण एमिल बर्लिनरने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट १८८७ साली घेतले आणि घरगुती टर्नटेबलमध्ये पट्टा पक्का रुजला तो १९६१ नंतर. या दिरंगाईचे कारण मोटरपेक्षा रेकॉर्डमध्येच अधिक सापडते.

बर्लिनरचे सुरुवातीचे यंत्र हाताने फिरवावे लागे. गाणाऱ्याचा सूर स्थिर राहणे हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून होते. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचा यंत्रकारागीर एल्ड्रिज जॉन्सन याने १८९६ मध्ये स्प्रिंगची मोटर जोडली आणि चावीचा फोनो अवतरला. पुढे विजेची मोटर आली. मात्र मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डची स्वतःचीच खरखर एवढी मोठी होती की तिच्याखाली मोटरची घरघर बुडून जाई. मोटर शांत करण्याची कोणाला निकड वाटली नाही.

जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये एलपी रेकॉर्ड जाहीर केली. विनाइलची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेऱ्या आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत. सव्वातीन-साडेतीन मिनिटांत ख्याल कोंबण्याची सक्ती तिने संपवली. १९५५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या अली अकबर खाँ यांच्या एलपीत राग प्रथमच सावकाश उलगडू शकला. पण विनाइलचा पृष्ठभाग शांत होता, खाचा बारीक होत्या, आणि त्यांतून निघणारा क्षीण संकेत अॅम्प्लिफायरने मोठा करताना मोटरचे कंपनही मोठे होत असे. संथ आलापासारख्या हळुवार जागी ते लपायला काहीच उरत नाही.

त्या काळची उत्तम यंत्रे रबरी चाकावर चालत. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीचे ३०१ हे त्यांतले नावाजलेले. मोटर आणि थाळीची कड यांच्यामध्ये दाबून बसवलेले रबरी चाक ताकद थेट पोहोचवी. थाळी चटकन वेग घेई, म्हणून रेडिओ केंद्रांना ही यंत्रे आवडत. पण चाक जसा वेग पोहोचवते तसेच कंपनही पोहोचवते. स्वित्झर्लंडच्या थोरेन्सने १९५७ च्या टीडी १२४ मध्ये मोटर आणि चाकाच्या मध्ये पट्टा घालून मधला मार्ग काढला.

पाठोपाठ स्टीरिओ आला आणि प्रश्न तीव्र झाला. मोनो रेकॉर्डमध्ये सुईची फक्त आडवी हालचाल म्हणजे आवाज. उभी थरथर चांगल्या मोनो कार्ट्रिजला फारशी जाणवत नसे. १९५८ पासून बाजारात आलेल्या स्टीरिओ रेकॉर्डमध्ये खाचेच्या दोन तिरप्या भिंतींवर दोन वेगळे संकेत कोरलेले होते, त्यामुळे उभी हालचालही संगीताचाच भाग झाली. मोटरची उभी थरथर आता सरळ स्पीकरमधून ऐकू येऊ लागली.

याचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर एडगर व्हिल्चर यांनी दिले. बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करणारा स्पीकर बनवण्यासाठी त्यांनी १९५४ मध्ये हेन्री क्लॉस यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली होती. १९६१ मध्ये या कंपनीचे एक्सए टर्नटेबल आले. त्यात मोटर वरच्या पत्र्याला जोडलेली होती. थाळीचे बेअरिंग आणि सुईची दांडी मात्र एकाच वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली होती, आणि तो सांगाडा तीन मऊ स्प्रिंगांवर तरंगता होता. या मांडणीतला ‘एकाच’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. सुईला कळते ते फक्त खाच आणि दांडी यांच्यातले अंतर बदलल्याचे. दोन्ही मिळून हलली तर तिला काहीच कळत नाही. फरशीवरच्या पावलांचा हादरा स्प्रिंगा गिळत आणि मोटरची थरथर पट्ट्याच्या लवचीकपणात व थाळीच्या वजनात विरून जाई. दांडीसह या यंत्राची सुरुवातीची किंमत साठ डॉलरच्या आत होती. घरगुती टर्नटेबलच्या इतिहासात एवढ्या थोड्या भागांत एवढे काम साधलेले दुसरे यंत्र दाखवणे अवघड आहे.

एक्सएची मोटर सिंक्रोनस होती, आणि अशा मोटरचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, भारतात आणि युरोपात ५०. पुली न बदलता अमेरिकी यंत्र इथे लावले तर थाळी मिनिटाला सुमारे २७.८ फेऱ्याच घेते, आणि काळी चारमधले गाणे पांढरी चारपर्यंत उतरते. म्हणून ५० हर्ट्झसाठी थोडी मोठी पुली लागते.

व्हिल्चर यांची मांडणी युरोपने उचलली. थोरेन्सचे टीडी १५० १९६५ चे. ग्लासगोमध्ये आयव्हर टीफेनब्रन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लिन सोंडेक एलपी१२ आणले आणि स्पीकरपेक्षा टर्नटेबलवर आधी खर्च करा, असा उलटा आग्रह धरला. खाचेतून जे निसटले ते पुढचे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. इंग्लंडच्या रेगा कंपनीने मात्र स्प्रिंगा टाकून दिल्या. हलका, ताठ पाया आणि पट्टा एवढ्यावरच तिच्या प्लेनर यंत्रांनी नाव कमावले.

दरम्यान जपानमध्ये मात्सुशिताच्या टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० हे थेट मोटरवर चालणारे टर्नटेबल विकायला काढले. मोटरचा दांडा हाच थाळीचा आस. वेग अचूक आणि सुरुवात झटपट. त्यामुळे रेडिओ आणि पुढे डीजे तिकडे वळले. थाळी हाताने अडवली की पट्टा घसरतो, तेव्हा त्यांच्या कामाला पट्ट्याचे यंत्र निरुपयोगीच होते. घरी बसून ऐकणाऱ्याला अशी घाई नसते, आणि घरांतून पट्टा हटला नाही.

१९८२ मध्ये सीडी आली आणि दशकभरात रेकॉर्ड बाजारातून जवळपास नाहीशी झाली. अशा पडत्या काळात, १९९१ मध्ये, ऑस्ट्रियाच्या हाइन्झ लिख्टेनेगर यांनी प्रो-जेक्ट ही कंपनी सुरू केली. झेक प्रदेशातल्या लितोव्हेल येथील जुन्या टेस्ला कारखान्यात परवडणारी पट्ट्याची टर्नटेबले बनू लागली. पुढे रेकॉर्डची मागणी परतली. २०२० मध्ये अमेरिकेत विनाइलच्या विक्रीची रक्कम १९८०च्या दशकानंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेली. आज घरासाठी नवे टर्नटेबल घेणाऱ्याला बहुधा पट्ट्याचेच यंत्र मिळते. रबर काही वर्षांत सैल पडते, वेग डळमळू लागतो, आणि मग घरच्या घरी नवा पट्टा चढवावा लागतो.