मनमाडची परिषद आणि एका लहान पक्षाची गोष्ट

नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, थोड्या लोकांचा पक्ष निवडणूक लढवतोच कशाला? जिंकणार तर नाही." या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हा मनमाडकरांना लांब जावे लागत नाही.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी येथे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी स्पष्ट केले. अस्पृश्य कामगार वर्षानुवर्षे गँगमनच राहतो. त्याला हमालाची जागासुद्धा मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरचे कामही करून घेतो आणि तिथे विटाळ आडवा येतो. ही त्यांची तक्रार रुळावर राबणाऱ्या प्रत्येकाला पटणारी होती.

या परिषदेमागे एक पक्ष उभा होता. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावात जात नव्हती, मजूर होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांताच्या १७५ जागांपैकी पक्षाने फक्त १७ लढवल्या आणि १४ जिंकल्या. आपल्या नाशिक जिल्ह्यातून दादासाहेब गायकवाड निवडून आले. या यशाला मतदानाच्या पद्धतीचाही हातभार होता. अनेक जागांच्या मतदारसंघात मतदार आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देऊ शकत असे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १८७० च्या राज्यघटनेत हीच युक्ती योजली होती. त्या राज्यात उत्तरेत रिपब्लिकन आणि दक्षिणेत डेमोक्रॅट यांचे वर्चस्व असे, आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला विधिमंडळात आवाज उरत नसे. ही पद्धत तिथे १९८० पर्यंत टिकली.

पण चौदा आमदार कायदा कसा करणार? सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. काँग्रेसच्या बहुमतापुढे विधेयक मंजूर होऊ शकले नाही. त्याच वर्षी संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा ७ नोव्हेंबरला पक्षाने कम्युनिस्टांच्या साथीने संप केला. कायदा तरीही झाला. खोती मात्र पुढे १९४९ च्या कायद्याने गेलीच. लहान पक्ष हरतो, पण त्याने विचारलेला प्रश्न सभागृहात राहतो.

या इतिहासात आपण मुसलमान कुठे होतो? खोतांमध्ये मुसलमान होते, तसे राबणाऱ्यांमध्येही होते. रेल्वेत आणि गिरण्यांत आपली माणसे घाम गाळत होती. परंतु मतदारसंघ धर्मावर वाटलेले. अस्पृश्य गँगमनच्या शेजारी राहणाऱ्या मुसलमान खलाशाच्या मनात असते, तरी तो सर्वसाधारण जागेवरच्या मजूर पक्षाच्या उमेदवाराला मत देऊ शकत नव्हता. त्याचे मत मुसलमान जागेसाठीच राखलेले. त्या जागांवर मुस्लिम लीगचा जोर होता. आपल्याला जागा मिळाल्या, पण शेजाऱ्याशी हात मिळवायची एक वाट बंद झाली. २२ डिसेंबर १९३९ रोजी भेंडीबाजारच्या सभेत बाबासाहेब आणि जिना एका व्यासपीठावर आले, तेही काँग्रेस मंत्रिमंडळ गेल्याच्या आनंदात. भाकरीचा प्रश्न घेऊन ते एकत्र आले नव्हते.

मजूर पक्षाचेही पुढे तेच झाले. १९४२ मध्ये क्रिप्स योजना आली. वाटाघाटी जमातींच्या नावाने होऊ लागल्या, आणि तिथे मजूर म्हणून बोलणाऱ्याला खुर्ची नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. मजूर पक्ष मागे पडला. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत फेडरेशनला मोठा पराभव पत्करावा लागला.

आज आपल्यातही वाद चालतो. आपला वेगळा पक्ष असावा, की मोठ्या पक्षात जागा मागावी? मनमाडच्या परिषदेने मला तिसरा प्रश्न शिकवला: पक्ष कुणाचाही असो, तो कुणाच्या पोटाचे बोलतो?

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "बेटा, खोतीचे विधेयक हरले होते. पण आज खोत कुठे आहे, ते मला शोधून दाखव."