रायवळ आंबा आणि ‘आज्ञापत्र’

१/ वैशाखात महाड-पोलादपूरच्या बाजारांत डोंगरची करवंदे, फणस आणि रायवळ आंबे येतात. यांतील आंबा-फणसाच्या झाडांची चिंता मराठेशाहीच्या राजनीतीपर ग्रंथानेही वाहिली आहे. #थ्रेड

२/ शिवछत्रपतींची राजधानी रायगड महाड तालुक्यातच आहे. त्यांच्या राज्यनीतीचे सार रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे, इ.स. १७१५-१६च्या सुमारास, ‘आज्ञापत्रा’त ग्रथित केले.

३/ आरमारास लाकूड मुबलक लागे. आंबा-फणसाचे लाकूडही उपयोगी. तरीही त्या झाडांस हात लावण्यास ग्रंथात मनाई आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत; रयतेने ती अपत्यवत् जोपासलेली असतात.

४/ जीर्ण झाड घेणे अपरिहार्यच झाले, तर धन्यास राजी करून, मोल देऊनच ते तोडावे. बळजोरी करू नये.

५/ या आज्ञेचे मर्म रायवळात कळते. हापूसची जात कलमाने राखली जाते. रायवळ कोयीपासून उगवतो. म्हणून झाडागणिक त्याचा रस, गंध आणि आंबटपणा निराळा.

६/ परिणामी हापूसचे एक झाड गेले, तरी जात टिकते. जुना रायवळ सरपणासाठी वा रस्त्यासाठी पडला, की ती चव कायमची लोपते.

७/ बाजारात टोपलीतला रायवळ आवडला, तर झाड कोठले ते विक्रेतीस अवश्य विचारावे. त्याच्या काडीवरून कलम बांधता येते. मात्र झाड उभे आहे तोवरच.