कातर, खळ आणि कुंचला

गतवर्षी वयाच्या ६३व्या वर्षी मी चित्रकलेच्या वर्गात नाव घातले, तेव्हा घरात थोडी थट्टाच झाली. वर्गात एकदा 'मिश्र माध्यम' असा विषय आला. म्हणजे एकाच चित्रात रंगांबरोबर कागद, कापड, सुतळी असे काहीही वापरायचे. आईची आठवण म्हणून ट्रंकेत जपलेले तिचे हिरवे लुगडे मी बरोबर नेले. त्याच्या काठाचा तुकडा फळीवर ठेवून पाहत होते, तोच शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, हे चित्र कसले? ही तर गोधडी!"

त्या सहज बोलल्या, पण मला लागले. लुगड्याची घडी तशीच घेऊन मी घरी आले. चित्र आणि गोधडी यांच्यामध्ये ही भिंत कोणी घातली, हे पाहावे म्हणून पुस्तके चाळली. त्यातले थोडे भगिनींसाठी लिहिते.

चिकटवलेल्या चित्रांची हकिकत कलेच्या पुस्तकांत बहुधा १९१२ सालापासून सुरू होते. त्या वर्षी पिकासोने खुर्चीच्या वेताची वीण छापलेले मेणकापड चित्रात चिकटवले आणि भोवती चौकट म्हणून चक्क दोरखंड लावला. त्याच वर्षी त्याचा मित्र ब्राक याने भिंतीला लावायचा लाकडी नक्षीचा कागद कापून चित्रात बसवला. 'चिकटवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून या प्रकाराला 'कोलाज' म्हणू लागले. मोठी क्रांती म्हणून तिचा गौरव झाला, आणि तो योग्यच आहे.

परंतु त्याआधी १४० वर्षे, १७७२ मध्ये, इंग्लंडात मेरी डेलनी नावाच्या बाईंनी हाती कातर घेतली होती. वय ७२, आणि दुसऱ्यांदा आलेले वैधव्य. जिरेनियमच्या फुलाची पाकळी गळून पडली, तिचा रंग जवळच्या कागदासारखाच दिसला आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून त्या फूल उभे करीत. क्वचित वर रंगाचा हात फिरवीत, कधी खरे पानही लावीत. दृष्टी अधू होईपर्यंत, म्हणजे दहा वर्षांत, साडेनऊशेहून अधिक फुले झाली. वनस्पती इतक्या अचूक की त्या काळच्या शास्त्रज्ञांनी त्यांची वाखाणणी केली. ती फुले आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण बाईंचे हे काम पुष्कळ काळ फावल्या वेळचा छंद म्हणूनच गणले गेले!

आपल्याकडेही हे नवे नाही. तंजावरला मराठ्यांचे राज्य होते. तेथे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १७९८ ते १८३२ मध्ये, जी चित्रशैली बहरली तिच्यात फळीवर कापड चिकटवतात, खडूची पूड व डिंक यांनी उठाव देतात, त्यावर काचमणी बसवून सोन्याचा वर्ख लावतात आणि मग रंग भरतात. मिश्र माध्यम याहून वेगळे ते काय?

एवढे वाचूनही कातर मात्र चालेना. दोन दिवस लुगडे समोर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी आठवले, की आईने स्वतः किती लुगडी फाडून गोधड्या शिवल्या! विरलेला भाग आत, धड भाग वर. जुन्या वस्त्राला ती कधी रडत बसली नाही. मी काठ कापला.

पहिल्या खेपेला खळ पातळ झाली आणि कापडाला चुण्या पडल्या. एक चूण शेवटपर्यंत गेली नाही. तिलाच मी आमच्या गावच्या ओढ्याची वाट केले आणि वर रंग दिला. काठ झाले बांध. चित्र पुरे झाल्यावर त्याच शेजारच्या बाई बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचे एक इरकली आहे हो घरी."

भगिनींनो, बोहारणीला गाठोडे देण्यापूर्वी एकवार ते सोडून पाहा, एवढीच विनंती.