परार्धापलीकडची रीत

लखनौच्या निशातगंजात विद्या भवन नावाची सरकारी इमारत आहे. उत्तर प्रदेशातल्या प्राथमिक शाळांचा कारभार तिथून चालतो. त्या शाळांतलं मूल अरबानंतर खरब शिकतं आणि त्याचा खरब म्हणजे एकावर 11 शून्यं. आपल्याकडे 'एकं, दहं, शतं' म्हणत वाढलेल्या पिढ्यांचा खर्व मात्र एकावर 10 शून्यांचा. हिंदी मोजणी अरब, खरब, नील, पद्म, शंख अशी शंभरपटीनं उड्या मारत जाते. आपली अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी प्रत्येक पायरीवर दहापट होते. घराणं एकच असलं, तरी शब्दामागची किंमत प्रदेशागणिक सरकली आहे.

काळागणिकही ती सरकली. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत परार्ध येतो तो एकावर 12 शून्यांचा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे 1150च्या सुमारास, तोच परार्ध 17 शून्यांवर पोचलेला असतो. मधल्या काळात बौद्धांच्या 'ललितविस्तरा'ने तर कमालच केली. तराईतल्या कपिलवस्तूच्या राजपुत्राची परीक्षा घ्यायला अर्जुन नावाचा गणक येतो आणि राजपुत्र कोटीपासून शंभरपटीनं नावं घेत घेत 'तल्लक्षणा'पर्यंत जातो. तिथे एकावर 53 शून्यं होतात. एवढी नावं कुणाच्या हिशेबाला लागत नव्हती. आकड्यांच्या मागे धावण्यातला निखळ आनंद त्या यादीत दिसतो.

पण नावांची यादी कितीही लांबवली तरी ती कुठेतरी संपतेच. यापुढची युक्ती ज्यांनी काढली, त्यांची कुळकथा मला फार जवळची वाटते, कारण तिचा रस्ता महाराष्ट्रातून जातो आणि लखनौला पोचतो.

निशातगंज गोमतीच्या ज्या काठावर आहे, त्याच काठावर लखनौ विद्यापीठ आहे. तिथे गणिताचे प्राध्यापक होते अवधेश नारायण सिंह. विभूतिभूषण दत्त यांच्याबरोबर त्यांनी हिंदू गणिताचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला भाग 1935मध्ये आणि दुसरा 1938मध्ये निघाला. अंक आणि स्थानमूल्य यांवर त्यानंतर लिहिणारा कुणीही त्या ग्रंथाला वळसा घालून जाऊ शकला नाही. पण मोठ्या संख्यांच्या बाबतीत सिंहांचं खरं मोलाचं लेखन लखनौत छापलंच गेलं नाही. ते निघालं अमरावतीहून.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात (पुढचं विदर्भ महाविद्यालय) हीरालाल जैन संस्कृत शिकवत. 1939पासून त्यांनी 'षट्खंडागम' हा दिगंबर जैनांचा आद्य ग्रंथ आणि त्यावरची वीरसेनांची 'धवला' टीका छापायला घेतली. धवला पूर्ण झाली ती राष्ट्रकूटांच्या काळात, इ.स. 816 साली. पुढे तिच्या जुन्या ताडपत्री प्रती उरल्या त्या कर्नाटकातल्या मूडबिद्रीत. दर्शनापुरत्या त्या बाहेर निघत, वाचन नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांनी नक्कल करवून घेण्याची खटपट सुरू केली. त्या कामावर मिरजेचे गजपतिशास्त्री होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीनं गुपचूप आणखी एक कानडी प्रत लिहून काढली. ती सहारनपूरला गेली, तिथे नागरीत उतरली आणि नकलांच्या नकला होत ग्रंथ पसरला. गुपचूप नक्कल करणं नियमाला धरून नव्हतं, हे खरं. तरीही लक्ष्मीबाईंचं नाव गणिताच्या इतिहासात आदरानं घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

हीरालाल जैनांच्या या प्रकाशनाच्या 1942च्या चौथ्या खंडात सिंहांचा धवलेतल्या गणितावरचा निबंध आला, आणि त्यात ती युक्ती स्वच्छ मांडलेली आहे. तिचं नाव वर्गित-संवर्गित. एक संख्या घ्या. तिचं 'विरलन' करा, म्हणजे तितके एक सुटे सुटे मांडा. मग प्रत्येक एकाच्या जागी ती मूळ संख्या 'द्या', आणि सगळ्यांचा गुणाकार करा. 2 घेतले तर दोन दुणे चार. झालेल्या चारावर तीच क्रिया केली की चार वेळा चार गुणून 256. तिसऱ्यांदा करायचं तर 256 हा आकडा 256 वेळा मांडून गुणायचा. उत्तर 617 अंकी येतं. लीलावतीचा परार्ध 18 अंकी आहे. दृश्य विश्वातल्या अणूंचा आजचा अंदाज साधारण 80 अंकांच्या आसपास थांबतो. तीनच पावलांत माणूस नावांच्या या याद्या मागे टाकतो, आणि चौथं पाऊल अजून टाकलेलंही नसतं.

इथे संख्येला नाव दिलेलं नाही, ती घडवायची रीत दिली आहे. विसाव्या शतकात पोलंडचे गणिती ह्यूगो स्टाइनहाउस यांनी प्रचंड संख्यांसाठी चिन्हं योजली. त्यांत त्रिकोणात लिहिलेली संख्या म्हणजे ती स्वतःच्याच घाताला चढवलेली. त्रिकोणात 2 लिहा, 4 होतात. त्या त्रिकोणाभोवती आणखी एक त्रिकोण काढा, 256. वीरसेनांची क्रिया तंतोतंत हीच आहे. स्टाइनहाउसना धवला ठाऊक असण्याचा प्रश्नच येत नाही. दोघांची गरज मात्र एकच होती.

वीरसेनांना ही गरज पडली कारण त्यांना संख्यात, असंख्यात आणि अनंत यांच्यामधल्या सीमा आखायच्या होत्या. म्हणून त्यांच्याकडे उलट्या दिशेचं मापही आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा 'अर्धच्छेद'. त्या अर्धच्छेदांचे अर्धच्छेद म्हणजे 'वर्गशलाका'. तिनानं भागत गेलात तर 'त्रिकच्छेद', चारानं भागलंत तर 'चतुर्थच्छेद'. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद हे त्यांच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात, हा नियमही त्यांना ठाऊक होता. नेपियरचे लॉगरिदम 1614चे. वीरसेनांनी कोष्टकं केली नाहीत, म्हणून त्यांना नेपियरच्या जागी बसवणं मला पटत नाही. पण कल्पना तीच आहे.

जैन आगमांत माणसांची संख्या सांगताना ही भाषा कामाला येते. ती संख्या 29 स्थानांची: 79228162514264337593543950336. तोंडपाठ करणाऱ्या साधूला हे 29 अंक लक्षात ठेवावे लागत नसत. 96 वेळा निम्मी होते ती संख्या, एवढं त्याला पुरत असे.